मुरलेली व्हिंटेज पोर्ट : बूच, गाळ, डिकँटर आणि पहिला घोट

मळभ

डाऊ या घराण्याची १९७७ ची व्हिंटेज पोर्ट उघडायची आहे, म्हणजे एकाच निवडक वर्षाची, ब्रँडी घातलेली गोड पोर्तुगीज वाइन. ७५० मिली, लेबल जीर्ण पण वाचता येतं, मानेवर हमीपट्टीचा तुकडा शिल्लक. पातळी मानेच्या तळाला. बुचावरचं वेष्टण, म्हणजे कॅप्सूल, अखंड, पण कडेला थोडा चिकट डाग. पिणारे सहा. ठिकाण पुणे आणि महिना मे, हे मुद्दाम सांगतो.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे चर्चेला खुराक मिळेल. एवढ्या जुन्या पोर्टला डिकँटर (वाइन ओतून घ्यायचं काचेचं भांडं) लागतो तो फक्त गाळ वेगळा करायला. 'आठ तास हवा द्या' हा सल्ला कोवळ्या बाटल्यांचा. तो ७७ ला लावला तर उरलंसुरलं फळ उडून जाईल. ओता आणि तासाभरात संपवा.

आता प्रश्न. बाटली किती दिवस उभी ठेवायची? बूच कशानं काढायचं? आणि तापमानाचं काय?

बूचमामा

आधी चिकट डागाचं बघू. बाटली कधीतरी तापली आहे. द्रव फुगला, बुचाच्या कडेनं वर आला, गार झाल्यावर खाली बसला आणि बसताना थोडी हवा आत घेऊन गेला. पण पातळी मानेच्या तळाशी असेल तर पन्नाशीला टेकलेल्या बाटलीला ती शोभते. खांद्याच्या मध्यावर असती तर मी एक पर्यायी बाटली जवळ ठेवा म्हटलं असतं. कॅप्सूल काढल्यावर बुचाच्या माथ्यावर काळी बुरशी दिसेल. ती बाहेरची आहे. ओल्या फडक्यानं पुसा, बाटलीचा ओठही पुसा, पुढे चला.

आता बूच. पोर्टच्या बाटलीची मान मधे किंचित फुगीर असते. इतक्या वर्षांत बूच त्या फुगवट्यात पसरून बसतं. वर ओढलं की जाड झालेला भाग अरुंद तोंडातून निघत नाही आणि बूच कमरेत तुटतं. त्यात खालचा अर्धा भाग भिजून मऊ, वरचा कोरडा ठिसूळ. वेटरच्या खिशातला आखूड स्क्रू इथे उपयोगाचा नाही. तो वरच्या कोरड्या भागातच रुततो आणि तेवढाच भाग घेऊन वर येतो.

लांब स्क्रू घ्या, ६-७ सेंमीचा, मधे भरीव दांडा नसलेला, नुसता तारेचा पीळ. मध्यावर सरळ रोवा, बुचाच्या तळातून टोक बाहेर पडेपर्यंत फिरवा. तळाचे चार कण वाइनमध्ये पडले तर पडू देत, नाहीतरी गाळायचीच आहे. मग ओढायचं अगदी सावकाश, अर्धा सेंमी ओढा, थांबा, पुन्हा ओढा. 'टक्क' आवाज काढायची हौस दुसऱ्या बाटलीवर भागवा.

त्याहून बरं म्हणजे दोन पात्यांचं आह-सो. लांब पातं आधी काच आणि बूच यांच्या फटीत घालायचं, मग आखूड, डुलवत डुलवत खाली न्यायचं, मग पिळत वर. यातला धोका असा की सैल बूच ढकललं जाऊन आत पडतं. म्हणून स्क्रू आणि पाती एकत्र असलेलं ड्युरँड जुन्या बाटल्यांना सर्वांत चांगलं. स्क्रू बुचाला आत पडू देत नाही, पाती ते कडेनं सोडवतात.

सुईतून हवा भरून बूच उडवणारे पंप मात्र वापरू नका. जुन्या काचेत दाब भरणं हा विनोद नाही.

गाळीव_रत्न

आणि एवढं करून तुटलंच तर?

बूचमामा

तुटेलच असं धरून चला. उरलेल्या तुकड्यात स्क्रू तिरका घाला, काचेला टेकवत, आणि कडेकडेनं ओढा. नाही आलं तर ढकला आत आणि मलमलीतून ओता. बूच आत पडल्यानं पोर्ट बिघडत नाही. ओतताना ते तोंडाशी येऊन धार अडते, तेव्हा स्वच्छ विणकामाच्या सुईनं मागे रेटून धरायचं.

तुकडे टाकू नका. जोडून बघा. व्हिंटेज पोर्टच्या बुचावर घराण्याचं नाव आणि वर्ष छापलेलं असतं. लेबल गळून पडलेल्या बाटलीत ओळख पटवायला तेच कामाला येतं.

विक्षिप्त_बाटली

एवढी कटकट कशाला? गॅसवर सांडशी लाल करा, मानेला लावा, वर बर्फ. मान कट. पोर्तुगालात असंच करतात म्हणे.

लिस्बनस्थ

विक्षिप्तभाऊ, करतात, पण सांडशीनं नाही. त्यासाठी गोल जबड्याचा खास चिमटा असतो, मानेला पूर्ण वेढा घालणारा. सांडशी दोनच बिंदूंवर टेकते, म्हणजे काच वेडीवाकडी फुटणार.

कृती अशी. बाटली आदल्या दिवसापासून उभी. कॅप्सूल पूर्ण काढून मान कोरडी. जबडा लालबुंद होईपर्यंत ज्योतीवर. मग बुचाच्या तळाच्या किंचित खाली मानेला लावून अर्धा ते एक मिनिट स्थिर धरायचा, दाबायचा नाही. काढल्या काढल्या त्याच वर्तुळावर बर्फाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं किंवा ब्रश. काचेचा एकच पट्टा तापून फुगलेला असतो, तो एकदम आकुंचन पावतो आणि तिथेच भेग जाते. वरचा भाग बुचासकट अलगद उचलता येतो.

बिघडतं कुठे? चिमटा पुरेसा तापलेला नसला की भेग अर्धीच जाते, आणि मग लोक ती हातानं मोडायला जातात. तसं करू नये. पुन्हा तापवून त्याच रेषेवर लावायचा. डोळ्यांना चष्मा, हाताला जाड मोजा. भेग स्वच्छ दिसली तरी ओठ ओल्या फडक्यानं पुसायचा आणि वाइन मलमलीतूनच ओतायची. काचेचा कण डोळ्याला दिसत नाही.

७७ ला याची गरज नाही. १९५५, १९४५ अशा वयाच्या बाटल्यांना, जिथे बुचाचा भुसा झालेला असतो, तिथे चिमटा खरोखर उपयोगी. बाकी ठिकाणी तो पाहुण्यांसाठी असतो.

ताडमाड

बूच निघालं असं समजू. गाळाबद्दल कुणी बोलेल का? एवढा गाळ येतो कुठून? नाशिकच्या रेड वाइनमध्ये तर चमचाभरही दिसत नाही.

थेम्सकाठ

बनवण्याच्या पद्धतीतून. पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यात द्राक्षं तुडवून आंबवायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात. अर्धी साखर अजून शिल्लक असतानाच ७७ टक्के मद्यार्काची द्राक्षांची ब्रँडी ओतून आंबणं थांबवतात. तयार पोर्टच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी ही ब्रँडी असते. एवढ्या थोड्या वेळात सालींतून रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) काढायचं तर जोर लावावा लागतो, म्हणून तर ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत, लागारमध्ये, पायांनी तुडवण्याची पद्धत चांगल्या घराण्यांनी सोडली नाही. आता कुठे कुठे यंत्राचे पाय आले आहेत.

मग सुमारे दोन वर्षं लाकडात, आणि तिसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत न गाळता बाटलीत. पुढचं सगळं म्हातारपण काचेत. टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरून जड होतात आणि खाली बसतात. म्हणून पोर्टचा रंग फिका होत जातो आणि बाटली आतून मळत जाते. टॉनी पोर्ट हेच म्हातारपण पिंपात काढते, तिचा गाळ पिंपातच राहतो, तिला डिकँटर लागत नाही.

आणखी एक. १९७० पर्यंतची बरीच व्हिंटेज पोर्ट पिंपांतून इंग्लंडला जायची आणि तिथल्या व्यापाऱ्यांकडे बाटलीत भरली जायची. एकाच घराण्याच्या १९६३ च्या दोन बाटल्या वेगळ्या लागल्या तर ते एक कारण असू शकतं. ७७ ला हा प्रश्न नाही, ती सगळी पोर्तुगालातच भरलेली.

अर्धाग्लास

७७ हे 'महान वर्ष' म्हणून सगळे डोक्यावर घेतात, पण कॉकबर्न आणि नोव्हाल या घराण्यांनी ते व्हिंटेज म्हणून जाहीरच केलं नव्हतं, हेही लिहा की.

थेम्सकाठ

बरोबर, नोव्हालनं त्याऐवजी ७८ केलं. जाहीर करायचं की नाही हे प्रत्येक घराणं ठरवतं, नमुना मग पोर्तोच्या वाइन संस्थेकडे मंजुरीला जातो. साधारण दहा वर्षांत तीन वेळा सगळे एकमतानं जाहीर करतात. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं आली तेव्हा म्हणूनच चर्चा झाली. कॉकबर्ननं ७७ सोडलं याचा पुढे बराच उपहास झाला.

गाळीव_रत्न

माझ्या नावाला जागून गाळाचं मी सांगतो.

बाटली आडवी असते तेव्हा गाळ खालच्या कुशीला कढईच्या खरवडीसारखा धरतो. जुन्या, लेबल नसलेल्या बाटल्यांवर म्हणूनच पांढऱ्या रंगाचा फटकारा असायचा: तो वर राहील अशी बाटली ठेवायची. उभी करताना ती कूस बदलू नका. तळाशी झुकवत हळूहळू उभी करा, फिरवू नका, गरगर तर नाहीच नाही.

उभी किती वेळ? लोक २४ तास सांगतात. जाड गाळाला ते पुरतं, बारीक भुकटीला पुरत नाही. तीन दिवस द्या, आठवडा दिलात तर उत्तम. बाटली विमानातून नुकतीच आली असेल तर तीन-चार आठवडे तिला हात लावू नका. सामानाच्या पट्ट्यावर आपटून निघालेली भुकटी तीन दिवसांत बसत नाही, आणि ती तोंडात आली की जिभेवर कडू तुरट पीठ लागतं. मग लोक म्हणतात 'ही संपली'. संपलेली नसते, ढवळलेली असते.

ओतणं. डिकँटर आधी नुसत्या पाण्यानं विसळून पूर्ण कोरडा आणि नाक घालून तपासलेला हवा. कपाटाचा, साबणाचा, जुन्या व्हिस्कीचा वास असेल तर इथेच खेळ संपतो. मानेखाली दिवा. मेणबत्ती छान दिसते, पण पोर्टची काच काळपट असते, मोबाइलचा टॉर्च टेबलावर उताणा ठेवलेला बरा. एकदा ओतायला सुरुवात केली की बाटली सरळ करायची नाही. प्रत्येक वेळी मागे झुकवली की लाट तळाला जाते आणि गाळ उठवते. बारीक, अखंड धार, नरसाळ्याच्या कडेवरून उतरू द्या. खांद्यात आधी धुरासारखी रेघ दिसेल, मग ठिपके. रेघ मानेत शिरली की थांबा. तळाशी साधारण ५० ते १०० मिली राहील.

ताडमाड

त्या १०० मिलींसाठी कॉफीचा कागद वापरला तर? सहा जणांत एक घोट आहे तो.

गाळीव_रत्न

कागदाची चव उतरते. मलमल वापरा, तीही आधी साध्या पाण्यात उकळून, साबणाशिवाय.

कोरडी_विहीर

असहमत. कागद उकळत्या पाण्यानं दोनदा धुवून घेतला तर चव उतरत नाही. खरी अडचण वेगळी आहे. भुकटीनं कागद दोन मिनिटांत तुंबतो आणि शेवटचा घोट थेंब थेंब, उघड्यावर, पाऊण तास गळत बसतो. म्हणून मुख्य बाटली कागदातून कधीच नाही. तळातले १०० मिली वेगळ्या ग्लासात गाळा, वेगळे चाखा, चांगले लागले तरच डिकँटरमध्ये मिसळा. मलमलीतून भुकटी सरळ खाली येते, ती फक्त बुचाचे तुकडे आणि जाड पापुद्रे अडवते.

गाळीव_रत्न

वेगळं चाखायचं म्हणत असाल तर तह मान्य. नाहीतर तो गाळ टाकू नका, मटणाच्या किंवा मशरूमच्या रश्श्यात आटवा. भुकटी तिथे कुणाला कळत नाही.

लिस्बनस्थ

मळभ यांच्या मूळ मताकडे येतो. अर्धं पटतं.

१९७७ ला तासाभरात संपवा हे मला घाईचं वाटतं. पोर्टमध्ये २० टक्क्यांच्या आसपास मद्यार्क आणि लिटरला साधारण १०० ग्रॅम साखर असते. जुन्या बोर्डो रेड वाइनसारखी ती डोळ्यांदेखत विझत नाही. उलट बाटली उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बंद खोलीचा, ओल्या कापडाचा वास येतो आणि ब्रँडी वेगळी टोचते. हा वास बहुतेक वेळा दीड-दोन तासांत जातो. मग वाळलेले अंजीर, मनुका, चहाची पत्ती, अक्रोडाची साल असं एकेक पुढे येतं. माझा आकडा: १९७७ ते १९८५ साठी तीन-चार तास. १९६३, १९६६ साठी दोन. १९४५ किंवा त्याआधीची असेल तर गाळा आणि बसा. १९९४ ला सहा-आठ, २०११ वगैरे आजच उघडायची असेल तर आदल्या रात्री.

मळभ

पण एकाच ७७ च्या दोन बाटल्या सारख्या वागत नाहीत. तीन-चार तास हा आकडा आणला कुठून?

कोरडी_विहीर

घड्याळ सोडा. बूच काढल्या काढल्या ३० मिली ग्लासात ओता आणि चाखा. याच एका घोटावर वेळ ठरतो.

फळ लगेच सापडलं, रंग कडेला विटकरी झालाय, तोंडात तुरटपणा जवळजवळ नाही: बाटली वेळेवर आहे, गाळून डिकँटरला टोपण लावा, दीड तासात सुरू करा. नाक मुकं, पण तोंडात गोडी आणि पकड आहे: टोपण न लावता ठेवा, दर तासाला घोटभर बघा. नाकात ब्रँडी आणि तोंडात काहीच नाही, शेवट आखूड: ही पुढे सुधारणार नाही, हवा देऊन फळ जन्माला येत नसतं.

दोन दोष मात्र थांबल्यानं जात नाहीत. ओल्या पुठ्ठ्याचा वास, जो ग्लास फिरवल्यावर कमी न होता वाढतो, तो बुचाचा दोष. आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास. तो जुन्या पोर्टमध्ये चिमूटभर असला तर उचलूनच देतो, पण नाक मागे घ्यावंसं वाटलं तर बाटली गेली.

अर्धाग्लास

डाऊबद्दल एक भर. घराण्यांच्या शैली वेगळ्या आहेत. ग्रॅहमची पोर्ट जास्त गोड आणि गोलसर, डाऊची त्यामानानं कोरडी, कारण ते आंबणं किंचित जास्त चालू देतात. त्यामुळे डाऊ ७७ पहिल्या घोटात ग्रॅहमपेक्षा कडक वाटेल. तो दोष समजू नका आणि त्यासाठी आणखी चार तास हवाही देऊ नका. चव मधे सुरू होते आणि शेवटी लांबते, तिथे लक्ष ठेवा.

अजून एक बारीक मुद्दा. नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत पोर्टवाल्यांना ब्रँडी नियंत्रित पुरवठ्यातूनच घ्यावी लागायची, निवडायची सोय नव्हती. ७७ मध्ये जी टोच जाणवते तिचा काही भाग त्या ब्रँडीचा आहे. नंतरच्या वर्षांची पोर्ट कोवळी असतानाही मऊ लागते, त्याचं हेही एक कारण.

मांडवीतीर

सगळे तास मोजतायत, पण पुण्यातला मे महिना कुणी मनावरच घेतला नाही! आमच्याकडे पणजीत तर बाराही महिने हाच प्रश्न.

खोलीच्या तापमानाला द्या असं इंग्रजी पुस्तकं सांगतात ती त्यांची खोली. पोर्ट १६ ते १८ अंशांना प्यायची. २४ ला ब्रँडी वेगळी सुटते, ३० ला गोडी चिकट होते आणि नाकात फक्त स्पिरिट. अर्ध्या लोकांचं 'जुनी पोर्ट जळजळते' हे मत बाटलीमुळे नाही, खोलीमुळे झालेलं असतं.

उपाय. उभी ठेवायची ते दिवस वाइनच्या फ्रीजमध्ये १२-१४ अंशांना. तो नसेल तर घरच्या फ्रीजच्या खालच्या फळीवर, पण दारात नाही, दार दिवसातून पन्नासदा आपटतं. फ्रीज ४-५ अंशांचा, म्हणून बाहेर काढून पाऊण तासानं बूच उघडा. गाळून झाल्यावर डिकँटर एसीच्या खोलीत, आणि खोली २४ च्या वर असेल तर गार पाण्याच्या पातेल्यात, त्यात मूठभरच बर्फ. तोंडाला टोपण किंवा बशी, नाहीतर बर्फाचं पाणी उडतं. १५ ला ओता, ग्लासात ती आपोआप १८ ला येते. गार झालेली पोर्ट हातानं गरम करता येते, तापलेली ग्लासात गार करता येत नाही. आणि देवाशप्पथ बर्फ घालू नका.

विक्षिप्त_बाटली

आमच्या गोव्याच्या पोर्ट वाइनला एवढे लाड लागत नाहीत. टोपी फिरवायची आणि प्यायची. 😄

मांडवीतीर

तिला लाड करूच नका, तिचं पोर्तोशी नातं लेबलापुरतं. इथली 'पोर्ट वाइन' म्हणजे गोड केलेली स्थानिक वाइन. न दोरोची द्राक्षं, न बाटलीत मुरणं. ती ठेवून सुधारत नाही, उन्हात ठेवली तर बिघडते एवढंच. नाताळच्या केकमध्ये सुका मेवा भिजवायला चांगली. खऱ्या पोर्टचं 'पोर्तो' हे नाव भारतातही भौगोलिक निर्देशक म्हणून नोंदलेलं आहे.

पोर्तुगालहून कुणी आणत असेल त्यांच्यासाठी: भारतात येताना माणशी २ लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे दोन पूर्ण बाटल्या. मद्यार्क २४ टक्क्यांच्या आत असल्यानं विमानाच्या ज्वालाग्राही मालाच्या मर्यादेत पोर्ट येत नाही. चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध, कडेला नको.

ताडमाड

ग्लास कोणते? आमच्याकडे ते इवलेसे लिकरचे आहेत, सोनेरी काठाचे.

थेम्सकाठ

ते कपाटातच शोभतात. त्यांत नाक जात नाही आणि काठोकाठ भरल्यामुळे वास गोळा व्हायला जागा नाही. साधा व्हाइट वाइनचा ट्यूलिप ग्लास घ्या. पोर्तोच्या संस्थेनं आल्वारो सीझा या वास्तुविशारदाकडून पोर्टसाठी ग्लास करून घेतला आहे, त्याचा आकारही तोच, फक्त लहान. तिसरा हिस्सा भरायचा. हिशेब करा: गाळ वजा जाता ६६० मिली, सहा जण, प्रत्येकी ५५ मिली दोनदा. दोनदाच भरा, एकदम भरू नका, कारण दुसरा ग्लास पहिल्याहून वेगळा लागतो आणि तीच तर मजा.

रंग बघायचा तर पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून. गाभा गार्नेटसारखा गडद लाल, कडेला विटकरी-नारिंगी पट्टा. ७७ मध्ये गाभाही पार तांबूस झालेला असेल तर बाटलीनं उष्णता खाल्ली आहे.

टेबलावर डिकँटर डावीकडे फिरतो. कुणी अडवून बसलं तर थेट मागायचं नाही, विचारायचं, 'तुम्ही नॉर्विचच्या बिशपांना ओळखता का?' तो नाही म्हणाला तर सांगायचं, 'भला माणूस, पण पोर्ट पुढे द्यायला नेहमी विसरतो.'

विक्षिप्त_बाटली

आमच्याकडे 'अरे ए, सरकव की' एवढ्यानं भागतं.

अर्धाग्लास

सोबत काय? स्टिल्टन हे इंग्लंडचं निळं चीज सगळे सांगणारच. सांगणाऱ्यांचं बरोबर आहे, खारट-तिखट निळं चीज आणि गोड पोर्ट एकमेकांना सावरतात. पण स्टिल्टनच्या पोटात पोर्ट ओतायची जुनी हौस करू नका, दोन्ही वाया. आपल्याकडे कुठलंही बरं निळं चीज चालेल, सोबत कोरे अक्रोड, न भाजलेले. बस्स.

गाळीव_रत्न

पुरणपोळी?

अर्धाग्लास

पोर्टपेक्षा गोड पदार्थ समोर आला की पोर्ट आंबट आणि पातळ लागते. पुरणपोळी, बासुंदी, गुलाबजाम, सगळे बाद. ७० टक्क्यांचं चॉकलेटही मुरलेल्या बाटलीला जड जातं, ते २०११ सारख्या तरुण पोर्टला द्या.

मांडवीतीर

बेबिंका मात्र २० वर्षांच्या टॉनीबरोबर खा. करपलेली साखर, नारळ, जायफळ, दोघांचं गोत्र एक. टॉनी थोडी गार, १२ अंशांना. तिचं बूच टोपीवालं असतं, हातानं निघतं, उघडल्यावर काही आठवडे टिकते. सहा जणांत कुणी 'पोर्ट म्हणजे काय' विचारणारं असेल तर आधी टॉनी, मग ७७.

मळभ

तापमानाचा मुद्दा मान्य, आणि ३० मिलींच्या घोटाचाही. तासाभराचा हट्ट सोडतो. संध्याकाळी सातला प्यायची तर चारला बूच, घोट चाखून मग टोपण लावायचं की उघडी ठेवायची ते ठरवू. उरली तर?

कोरडी_विहीर

चार ठीक. पण बूच तुटेल ते धरून साडेतीन करा. उरली तर स्वच्छ लहान बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चांगली, तिसऱ्या दिवशी फळ उतरलेलं असतं. कोवळी व्हिंटेज चार दिवस सहज जाते. डिकँटरमध्ये तसंच ठेवू नका, वर मोकळी हवा फार.

ताडमाड

आणि डिकँटरच्या तळाचा तो जांभळा डाग?

गाळीव_रत्न

रात्रीच गरम पाणी भरून ठेवा, वाळू देऊ नका. सकाळी मूठभर कच्चे तांदूळ, दोन चमचे व्हिनेगर, थोडं पाणी, गोल फिरवा, आपटू नका. साबण नाही. मग तीनदा विसळून उलटा, कपड्यावर नाही, हवा खाली जाईल अशा जाळीवर.

विक्षिप्त_बाटली

कोलम की इंद्रायणी?

गाळीव_रत्न

कणी घ्या राव. इंद्रायणी चिकटते.